किडीला राज्याची सीमा नसते

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा हे नाव दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात, परस्परांवर गोटे फेकतात आणि जखमींचे आकडे देशभर छापून येतात. गोटमारीची ही बातमी एक दिवस चघळून झाली म्हणजे पांढुर्ण्याचे नाव पुन्हा वर्षभर विस्मृतीत जाते. परंतु ज्या दिवसांत ही गोटमार होते, त्याच दिवसांत तेथील शेतांत दुसरे आणि अधिक काळ चालणारे युद्ध सुरू झालेले असते. कपाशी पात्याफुलांवर आलेली असते, गुलाबी बोंडअळीचे पतंग रात्रीच्या काळोखात अंडी घालू लागतात आणि शेतकरी पाठीवर फवारणीचा पंप चढवतो. हे युद्ध दरवर्षी लढले जाते आणि दरवर्षी विषाचा खर्च वाढवून संपते. ते निराळ्या रीतीने लढता येईल काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन तालुक्यांशी गोव्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. पणजी-म्हापशाच्या बाजारात 'नागपुरी' म्हणून येणारे संत्रे सगळेच नागपूर जिल्ह्यात पिकते असे नाही. वरूड-नरखेडला लागून असलेला पांढुर्णा-सौंसरचा प्रदेशही त्याच संत्र्याचे माहेर आहे. दुसरे असे की, तेथील शेतकऱ्यांची भाषा मराठी आहे. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी बोलणे आणि जपणे म्हणजे काय, हे गोमंतकीय वाचकाला आम्ही सांगावयास नको. आणि तिसरे कारण, जे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते असे की त्या दोन तालुक्यांचा प्रश्न आमच्या माडा-काजूंच्या बागांतही वेगळ्या रूपाने उभाच आहे.

प्रथम तेथील परिस्थिती पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तोवर नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि छिंदवाडा जिल्हा तिच्या छायेत होता. पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. एकाच मातीचा, एकाच पिकांचा आणि एकाच बोलीचा पट्टा त्या दिवशी दोन राज्यांत विभागला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले ही चांगली गोष्ट झाली. परंतु शेतकऱ्याच्या बांधावरचा प्रश्न जिल्हा बदलल्याने सुटत नाही, कारण त्या प्रश्नाचे मूळ राज्यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे.

कपाशीचेच पाहा. बीटी वाण येण्यापूर्वी देशाच्या लागवडीपैकी सुमारे ५ टक्के क्षेत्रावरचे हे पीक देशातील निम्म्याच्या आसपास कीटकनाशके पीत असे. १९८० नंतर नवी पायरेथ्रॉइड औषधे आली, प्रारंभी किडी पटापट मेल्या, आणि पाठोपाठ पांढरी माशी व हिरवी बोंडअळी पूर्वीपेक्षा अधिक माजली. असे का झाले? विषाने किडीबरोबर किडीला खाणारेही मेले. किडीची पैदास झपाट्याची असल्याने ती सावरली, तिचे शत्रू सावरले नाहीत. शिवाय विषाला दाद न देणाऱ्या किडीच तेवढ्या मागे उरल्या आणि त्यांचीच प्रजा वाढली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा हा फेरा संपला असे पुष्कळांना वाटले. या वाणातील विष मुळात मातीतल्या एका जीवाणूचे. परंतु तेही प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पेशीत, संपूर्ण हंगामभर, अळीसमोर वाढून ठेवले गेले. सभोवती बीटी नसलेल्या कपाशीच्या ओळी लावा म्हणून पिशवीबरोबर दिलेली 'रेफ्युजी' बियाण्याची पुडी कित्येकांनी फेकून दिली. परिणामी गुलाबी बोंडअळीने या विषालाही दाद देणे सोडले. २०१७ मध्ये विदर्भातील कपाशी तिने पोखरून काढली. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत उभे राहून, निरनिराळी औषधे एकत्र करून फवारताना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कीड मारण्यासाठी आणलेल्या औषधाने माणसे मरावीत आणि कीड शेतात तशीच राहावी, याला 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' याहून दुसरे काय म्हणावे?

संत्र्याची कथाही फारशी वेगळी नाही. विदर्भात बागाईतदार जिला 'कोळशी' म्हणतात, ती काळ्या माशीची करणी. ही माशी पानातील रस शोषते, तिच्या अंगातून चिकट गोड स्राव पाझरतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि सगळी बाग कोळसा फासल्यासारखी दिसू लागते. पानांना सूर्यप्रकाश मिळेनासा होतो आणि बहार गळतो. या माशीची एक हकीकत आमच्या शेतकऱ्यांना क्वचितच सांगितली जाते. १९३५ मध्ये ही माशी मेक्सिकोत आढळली आणि तेथील संत्र्याच्या बागा तिने उद्ध्वस्त करण्यास आरंभ केला. तेव्हा तिच्या मूळ प्रदेशात तिला आवरणारे कोण आहे याचा शोध घेत शास्त्रज्ञ आशियात आले, आणि १९४९-५० च्या सुमारास भारत व पाकिस्तानातून गांधीलमाशीच्या कुळातील, टाचणीच्या टोकाएवढे परजीवी कीटक त्यांनी मेक्सिकोत नेले. हे कीटक माशीच्या पिलांत अंडी घालतात आणि आतून त्यांना खाऊन टाकतात. काही वर्षांतच मेक्सिकोतील काळी माशी आटोक्यात आली. पुढे १९७६ मध्ये फ्लोरिडात तीच माशी उद्भवली, तेव्हा मेक्सिकोतून तेच कीटक नेऊन सोडण्यात आले. आमच्या भूमीतील सूक्ष्म कीटकांनी दूरदेशीच्या बागा वाचवाव्यात आणि आम्ही मात्र आमच्याच बागांत सरसकट विष फवारून त्या कीटकांचा निर्वंश करावा, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नाही.

ही विद्या नवी आहे असेही नाही. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील चिनी ग्रंथात संत्र्याच्या झाडांवर किडी खाण्यासाठी विणकर मुंग्यांची घरटी विकत आणून बांधण्याचा उल्लेख आहे. आमच्या काजूच्या झाडांवर पाने जोडून घरटी करणारे आणि चढणाऱ्याला कडकडून चावणारे तांबडे हुमले, ते हेच. काजूचा मोहर करपवणाऱ्या ढेकण्याला हे हुमले आवर घालतात, आणि आम्ही त्यांना उपद्रवी समजून जाळतो. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातील संत्र्याच्या बागा पांढऱ्या खवलेकिडीने वठू लागल्या असता ऑस्ट्रेलियातून अवघे काही शेकडो ढालकिडे आणून सोडले गेले आणि बागा वाचल्या. तोच ढालकिडा १९२० नंतरच्या दशकात आमच्या निलगिरीत आणला गेला.

परदेशाचे दाखले पुरे. महाराष्ट्रातच २००२ मध्ये सांगलीच्या बाजूने उसावर लोकरी मावा पसरला, तेव्हा हाहाकार उडाला होता. उंच उसात फवारणी करणे दुरापास्त होते. अखेर त्या माव्याला आवरले ते डिफा नावाच्या पतंगाच्या मांसाहारी अळीने आणि तिच्या जोडीच्या मित्रकीटकांनी. या कीटकांची शेडनेटमध्ये पैदास झाली, ते गावोगाव वाटले गेले, आणि फवारणी थांबवा असे शेतकऱ्यांना बजावले गेले. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवर आढळलेला पिठ्या ढेकूण पुढे पुण्यापर्यंत पोहोचला. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून एक परजीवी कीटक बंगळुरूच्या प्रयोगशाळेत आणला गेला आणि त्याने तो उपद्रव नियंत्रणात आणला. अशा वेळी मनात प्रश्न येतो की, उसाला आणि पपईला जे साधले ते पांढुर्णा-सौंसरच्या कपाशीला आणि संत्र्याला सहजासहजी का साधत नाही?

आमच्या मते याचे उत्तर विज्ञानापेक्षा शेजाराच्या व्यवहारात अधिक दडलेले आहे. विषाची बाटली एकट्याला विकत घेता येते आणि एकट्याच्या शेतात रिकामी करता येते. निसर्गाच्या साहाय्याने कीड आवरणे हे मात्र एकट्याचे काम नव्हे. एका शेतकऱ्याने शेतात ट्रायकोग्रामाची कार्डे लावली, म्हणजे बोंडअळ्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे, अर्ध्या मिलिमीटरचे कीटक सोडले, आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्याच्या बाजूच्या शेजाऱ्याने जहाल औषध फवारले, तर ती मेहनत वाया गेली. एकाने हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंग मोजले, ओळीने तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच उपाय करावयाचा हा नियम पाळला, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या डोमकळ्या वेचून नष्ट केल्या, आणि डिसेंबर-जानेवारीत पीक मोडून टाकले. पण शेजाऱ्याने चार क्विंटल अधिक कापसाच्या आशेने फरदड मार्चपर्यंत उभी ठेवली, पऱ्हाट्यांची गंजी बांधावर रचली, तर पुढल्या वर्षीचे पतंग त्या गंजीतून दोघांच्याही शेतात येणार. पतंगाला सातबारा वाचता येत नाही. त्याला वरूड महाराष्ट्रात आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात असल्याचेही ठाऊक नसते.

उसाला जे साधले त्याचे रहस्यही येथेच आहे. लोकरी माव्याच्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाना नावाची एक संघटना गावोगाव हजर होती. कोणाचा ऊस कोठे उभा आहे याची नोंद तिच्यापाशी होती, तिचे कर्मचारी बांधावर जात होते आणि तिचा शब्द शेतकरी ऐकत होता. संत्र्याचा व्यवहार बहुधा बागेच्या बागा घेणाऱ्या व्यापाऱ्याशी आणि कापसाचा अडत्याशी. त्यांना या हंगामाच्या मालाशी मतलब, पुढल्या हंगामातील किडीशी नाही. शेतकऱ्याला सल्ला देणारा उरला तो औषधांचा दुकानदार. तो उधारीवर माल देतो, त्याच्या दुकानात बाटली आहे, सल्ल्याबरोबर ती हाती येते. त्यास आम्ही दोष देत नाही. जेथे दुसरे कोणी बोलावयास येत नाही, तेथे दुकानदारच वैद्य होणार.

त्यातच सीमेची अडचण. या पट्ट्यासाठी लागणारे ज्ञान हाकेच्या अंतरावर आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे. संत्र्यासाठी १९८५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय केंद्र, जे आज केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते, तेही नागपुरातच. पांढुर्णा आणि सौंसर तेथून शंभर किलोमीटरच्या आत. या संस्था केंद्र सरकारच्या आहेत, त्यांना राज्याच्या सीमेचा अडसर असण्याचे कारण नाही. परंतु कृषी खात्याचा कारभार राज्याचा, आणि त्या बाजूचे कृषी विद्यापीठ जबलपूरचे. महाराष्ट्राचे कृषी खाते बोंडअळीविरुद्ध मोहीम काढते ती वरूड-नरखेडपर्यंत येऊन थांबते, आणि मध्य प्रदेशाची मोहीम निघाली तर ती पलीकडच्या बाजूने येऊन तेथेच थांबते. भाषेचेही तसेच. मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी, तेव्हा सरकारी पत्रके हिंदीत निघणार हे ओघाने आले. तेथील शेतकऱ्याला हिंदी समजते यात वाद नाही. परंतु डोमकळी, फरदड, आंबिया बहार, मृग बहार, कोळशी हे शब्द ज्याच्या तोंडी आहेत, त्याला त्याच शब्दांत सांगितलेली गोष्ट अधिक लवकर पटते, आणि तीच गोष्ट त्याच्या घरातील बायामाणसांपर्यंत, मजुरांपर्यंत जाते. डोमकळ्या वेचण्याचे काम करणार कोण? बहुधा त्याच.

या मार्गात अडचणी नाहीत असे सांगून आम्ही वाचकांची दिशाभूल करू इच्छित नाही. ट्रायकोग्रामाचे कार्ड प्रयोगशाळेतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत शेतात लागावे लागते. वाटेत उन्हात पडले तर ते कागदाचा निव्वळ तुकडा ठरते. निंबोळी अर्क करावयाचा तर निंबोळ्या उन्हाळ्यातच वेचून ठेवाव्या लागतात, आणि आयत्या वेळी जागा झालेल्याला तो मिळत नाही. 'जैविक' अशी चिठ्ठी लावून आत भलतेच रसायन भरलेल्या बाटल्या विकल्या जात असल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी होतात, आणि अशी एक बाटली शंभर शेतकऱ्यांचा विश्वास उडवते. निसर्गाच्या नावाने केलेले सर्वच प्रयोग सफल झाले असेही नाही. १९३५ मध्ये उसातील भुंगेरे खातील म्हणून ऑस्ट्रेलियात अमेरिकेतील विषारी भेक सोडले गेले. त्यांनी भुंगेरे सोडून इतर सारे खाल्ले आणि आज ते स्वतःच तेथील मोठा उपद्रव आहेत. म्हणून परदेशी कीटक आणावयाचा तर तो वर्षानुवर्षे तपासूनच आणला पाहिजे. मेक्सिकोचा भुंगेरा गाजर गवत खाण्यासाठी आणताना आपल्याकडे अशी परीक्षा झाली, आणि १९८४ पासून तो भारतात सोडला जात आहे. गाजर गवतावरील या भुंगेऱ्याच्या कामात जबलपूरच्या तण संशोधन संस्थेचा वाटा मोठा आहे, हे मध्य प्रदेशाला भूषणावह आहे.

एका रात्रीत रसायने बंद करा, असेही आम्ही म्हणणार नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये असा हुकूम काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो मागे घेण्याची वेळ तिच्यावर आली. ज्याचे कर्ज पिकावर उभे आहे, त्याला 'थांब, मित्रकीटक येतील' असे सांगून हात झटकणे हा उपदेश ठरेल, मदत ठरणार नाही. औषध हा शेवटचा उपाय राहावा, तो मोजून, पाहून आणि अंगावर संरक्षक कपडे घालून केला जावा. त्याआधीचे सर्व उपाय गावाने मिळून करावेत, आणि ते करणाऱ्या गावाच्या पाठीशी सरकार उभे राहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्यासाठी काय करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे पांढुर्णा, सौंसर, वरूड, नरखेड आणि सावनेर या लगतच्या तालुक्यांचा एकच कीड-नियंत्रण पट्टा मानावा आणि दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी नागपूरच्या दोन्ही केंद्रीय संस्थांच्या मार्गदर्शनाखाली एकत्र मोहीम आखावी. पेरणी एकाच पंधरवड्यात, सापळे एकाच आठवड्यात आणि फरदडबंदी एकाच तारखेपासून. दुसरी गोष्ट, मोहिमेची पत्रके, गावसभा आणि आकाशवाणीवरील कार्यक्रम हिंदीबरोबर मराठीतही असावेत. तिसरी, पांढुर्णा हा नवा जिल्हा आहे, तेव्हा त्याच्या नव्या कचेऱ्यांबरोबर मित्रकीटकांची पैदास करणारी प्रयोगशाळाही तेथे उभी राहावी. ती बचत गटातील स्त्रियांना चालवता येईल एवढी साधी असू शकते, कारण ट्रायकोग्रामाची पैदास धान्यातील पतंगाच्या अंड्यांवर होते आणि तिला नेटकेपणा लागतो, अवजड यंत्रे लागत नाहीत. चौथी, जे गाव एकमताने फरदड मोडील, त्याला त्या मोडलेल्या पिकाचा काही मोबदला मिळावा. विमा आणि नुकसानभरपाईवर दर संकटानंतर जो पैसा ओतावा लागतो, त्यापेक्षा हा खर्च नक्कीच हलका असेल.

आता थोडे आमच्या घराकडे. माडाचा शेंडा कुरतडणारा गेंड्या भुंगा शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतो. खड्डा एकाचा असतो आणि माड मरतो दुसऱ्याचा. त्या खड्ड्यात भुंग्याच्या अळ्यांना रोग जडवणारी हिरवी बुरशी मिसळावी, हा उपाय ठाऊक आहे. परंतु वाड्यावरचे दहा खड्डे सोडून एकट्यानेच ती मिसळली, तर उपयोग बेताचाच. आणि एकट्याच्या सोयीसाठी वरून विष ओतण्याचा परिणाम काय होतो, हे पाहावयास फार दूर जावयास नको. आमच्याच किनाऱ्यावर, कासरगोडात, सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. तेथील माणसांचे हाल साऱ्या देशाने पाहिले, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या औषधावर बंदी घालावी लागली. त्या बागांतून जे औषध उडाले, त्यानेही कोणाची हद्द विचारली नव्हती.

पांढुर्ण्याच्या जाम नदीवर दोन काठांची माणसे वर्षातून एक दिवस समोरासमोर उभी राहतात. उरलेल्या दिवसांत त्यांच्या शेतांवर येणारी अळी एकच असते आणि तिला आवरू शकणारे कीटकही एकच असतात. दोन गावांनी, पाच तालुक्यांनी आणि दोन राज्यांनी एकत्र येऊन एका हंगामापुरता जरी हा शेजारधर्म पाळून पाहिला, तरी पाठीवरचा विषाचा पंप निम्म्या वेळा तरी खाली ठेवता येईल, असा आमचा विश्वास आहे. भोपाळ आणि मुंबई या दोन्ही राजधान्यांनी या प्रश्नाकडे पुढला पोळा येण्यापूर्वी लक्ष द्यावे. पतंग त्यांच्या पत्रव्यवहारासाठी थांबणार नाहीत.